आत्याचा आवाज खालच्या पट्टीत

बाबांना ऐकू कमी येतं याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. दुमत होतं ते कुणाचं कमी येतं याबद्दल. आई म्हणायची, सगळ्यांचंच. आत्या म्हणायची, फक्त माझं.

"बायकोचं ऐकू येतंय, शेजाऱ्याचं येतंय, रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तर कुनाचा हाय ते बसल्या जागी सांगतोय," ती मला म्हणाली. "मी बोलले की मातर याच्या कानाला कुलूप."

तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. काढलेला अर्थ तेवढा चुकीचा होता.

बाबांची सगळी नोकरी श्रीगोंद्याजवळच्या साखर कारखान्यात झाली, तीही मिल हाऊसमध्ये, जिथं ऊस चिरडून रस काढतात. वाफेवर फिरणाऱ्या टर्बाइनची एक बारीक, न थांबणारी किंकाळी तिथं हंगामभर चालू असते. कानात बोळे घातले तर शेजारचा काय ओरडतोय ते कळत नाही, म्हणून कुणी घालत नसे. त्या किंकाळीनं त्यांच्या कानातला बारीक आवाज ऐकणारा भागच नेमका खाऊन टाकला. नगरला तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. जाड आवाजांपाशी ती सरळ, आणि मध्यापासून पुढे दरड कोसळावी तशी खाली गेलेली.

आईचा आवाज भरदार, थोडा घोगरा. तो बाबांपर्यंत पोचायचा. आत्याचा आवाज मात्र टाचणीसारखा बारीक. आणि तिला "मोठ्यानं बोल" म्हटलं की ती आणखी वर जायची, म्हणजे बाबांच्या कानापासून आणखी लांब. मी स्वतः बाबांशी बोलताना आवाज छातीतून काढते. कधीपासून ते मलाही आठवत नाही. घरून चालणाऱ्या ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मध्येच त्यांना उत्तर दिलं की पलीकडचे लोक विचारतात, आत्ता कोण बोललं?

कानाचं मशीन आणलं होतं. ते घातलं की ताटं आदळल्यासारखी वाजायची आणि मशीन स्वतःच शिट्टी मारायचं. चार महिने घालून बाबांनी ते डबीत ठेवलं. डॉक्टरही म्हणाले होते की मशीन आवाज मोठा करतं, पण जिथं कान ऐकतच नाही तिथं मोठा करूनही फारसा उपयोग नाही.

आत्या बाबांपेक्षा मोठी. तिचं सासर जामखेड तालुक्यातलं, बाबांचं मूळ गावही तिकडचंच. आजोबांना सगळे तात्या म्हणत. ते दरवर्षी बैलगाडी घेऊन इकडं ऊसतोडीला यायचे. आत्या आणि बाबा त्या कोप्यांमध्ये वाढले, म्हणजे तोडणीवाले चटया आणि उसाचं वाळलेलं पाचट उभं करून ज्या तात्पुरत्या झोपड्या बांधतात त्यांत. पुढे बाबांना कारखान्यात काम मिळालं आणि ते इथंच राहिले. आत्या लग्न होऊन परत कोरड्या मुलखात गेली. तिचा मुलगा आणि सून अजून दिवाळीनंतर टोळीबरोबर तोडीला जातात. यंदा ते निघाले तेव्हा आत्याचे गुडघे पार गेले होते. बाबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले.

पहिले काही दिवस छान गेले. मग एका सोमवारी दुपारी मी कामाच्या खोलीतून बाहेर आले, तर आत्या कॉटवर बसून पिशवी भरत होती. दोन लुगडी, तेलाची बाटली, औषधं.

"कुठं निघालीस?"

"घरी. जामखेडची गाडी कितीला हाय?"

"घरी कोण आहे तुझ्या? कुलूप आहे."

"किल्ली माझ्यापाशी हाय."

मी शेजारी बसले. मग पिशवीचे बंद बांधता बांधता म्हणाली, "सकाळी त्याला इचारलं. म्हनलं, मला आता हितंच राहू दे. मरूस्तोवर."

"मग?"

"म्हनला, बघू."

बाबांचं 'बघू' मला चांगलं माहीत होतं. समोरच्याचे ओठ हललेले दिसले आणि शब्द पोचला नाही की ते मान हलवून 'बघू, बघू' म्हणतात. भाजीवाल्याला म्हणतात, पाहुण्याला म्हणतात. एकदा लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या माणसालाही म्हणाले होते.

"आत्या, त्यांना ऐकू आलं नसणार. मी आत्ता जाऊन सांगते."

तिनं माझं मनगट धरलं. "न्हाई सांगायचं. माझी आन हाय तुला. भावापाशी राहायला मागायचं, ते पन दुसऱ्याच्या तोंडानं? इचारायचं असंल तर मीच इचारीन. आन् त्याला ऐकूच येत न्हाई म्हनतीस, तर मंग इचारून काय उपेग?"

आईला मी ही गोष्ट सांगितली. आई म्हणाली, "या बहीण-भावांचं काही खरं नाही. अगं, त्यांना राहा म्हणायला मी एका पायावर तयार आहे. तू सरळ सांगून टाक." पण आत्यानं आन घातली होती, आणि मला तिचा तो हट्ट चुकीचा वाटत नव्हता. लहानपणी ज्या भावाला कडेवर घेऊन ती उसाच्या फडात फिरली, त्याच्याशी तिला मध्ये माणूस न घालता बोलायचं होतं.

आणि तेव्हा मला माझं काम आठवलं.

मी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या लोकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. कंपनी पुण्यात आणि मी श्रीगोंद्यात, घरच्या मागच्या खोलीत. आवाजाला घुमारा देणं, खोलीचा भास आणणं, गायकाचा घसरलेला सूर उचलून जागेवर बसवणं अशी ती कामं. आवाज वरच्या पट्टीतून खाली आणणं हे त्यातलंच. परक्या गायकांसाठी मी ते कितीदा तरी केलं होतं. बाबांचा कान बारीक आवाजापर्यंत जात नसेल तर आत्याचा आवाज खाली त्यांच्यापर्यंत आणता येईल, हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

मी आत्याला म्हटलं, "थोडे दिवस थांब. मला माझ्या कामासाठी तुझा आवाज लागणार आहे."

"माझा आवाज? त्यो कुनाला लागतोय?"

"मला लागतोय."

ती थांबली. पण पिशवी रिकामी केली नाही, भरलेली तशीच कॉटखाली सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी माझ्या खोलीत येऊन माइकसमोर बसू लागली. काय बोलू, म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, काहीही. मग ती कोपीतलं सांगायला लागली. आई-बाप पहाटे फडात गेले की हिनं चूल सांभाळायची आणि भाऊ सांभाळायचा. "त्यो लई रडका हुता. पाचटावर झोपवायचे, तर पाचट टोचतंय म्हनून रडायचा. मंग मी माझं परकर अंथरायचे." हे वाक्य मी त्या दिवसांत किती वेळा ऐकलं याला गणती नाही. प्रोग्राममध्ये काही बदललं की तेच वाक्य पुन्हा त्यातून घालून बघायचे. अजूनही 'पाचट' शब्द कानावर पडला की मला तो आत्याच्याच आवाजात ऐकू येतो.

आवाज खाली आणायची साधी युक्ती म्हणजे तो सावकाश वाजवायचा. टेपरेकॉर्डरचे सेल संपत आले की गाणाऱ्या बाईचा हळूहळू बाप्या व्हायचा, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे लगेच समजेल. पण सावकाश वाजवलं की वेळ जास्त लागतो, आणि समोरचा माणूस तर नेहमीच्याच वेगानं बोलत असतो. मिनिटभरात बाबा आत्याच्या दहा-बारा सेकंद मागे पडले असते. ती चहा प्यायला उठली असती तेव्हा यांना तिचा निम्मा प्रश्न ऐकू आला असता.

जेवताना बाबांनी विचारलं, "काय चाललंय तुमचं दोघींचं खोलीत?"

मी छातीतून आवाज काढत सांगितलं, "तुमच्या कानासाठी काहीतरी करतेय. समजा, गव्हाणीत ऊस नेहमीच्या वेगानं पडतोय. आणि मिल हळू चालवायचीय. काय होईल?" गव्हाण म्हणजे ऊस मिलकडे वाहून नेणारा पट्टा. बाबांचं निम्मं आयुष्य तिच्या काठावर गेलेलं.

"तुंबंल की."

"मग काय करायचं?"

"मागं सांगायचं, ऊस थांबवा म्हनून."

"ऊस थांबवता येत नाही. आत्या आहे."

बाबा खळखळून हसले. समोर आत्या भाकरी मोडत होती. तिला वाटलं, तिच्यावर हसतायत. खरं तर थोडं तसंच होतं.

"मंग मधला थोडा काढून टाकावा लागंल," बाबा म्हणाले.

"तेच करतेय."

"अक्काच्या बोलन्यातला नेमका कोनता काढनार?" त्यांनी काळजीनं विचारलं.

प्रश्न योग्य होता. उत्तर असं की आपण 'आ' म्हणतो तेव्हा एकच छोटी लाट घशातून पुन्हा पुन्हा बाहेर पडत असते, अगदी एकसारखी. त्यातल्या एक-दोन लाटा गाळल्या तर कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त कापलेली दोन टोकं एकमेकांना नीट जुळायला हवीत. माझी सुरुवातीला जुळली नाहीत. आत्याच्या बोलण्यात फुटाणे फुटल्यासारखे आवाज यायला लागले. टोकं एकमेकांत मिसळून पाहिली, तर फुटाणे गेले आणि आत्या विहिरीत बुडून बोलल्यासारखी वाटायला लागली. मग प्रत्येक क्षणी तिची लाट किती लांबीची आहे ते आधी मोजायचं आणि तेवढाच तुकडा कापायचा, असं लिहिलं. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हायला हवं होतं, नाहीतर ओठ आणि शब्द यांची फारकत होते. बिनवायरचे इयरफोन त्यातच वेळ खातात, म्हणून एस.टी. स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातून वायरचे आणले. दुकानदाराला ते मागच्या खोक्यातून शोधून काढावे लागले. त्यांची पिन बसेल असा फोन घरात एकच होता, बाबांचा जुना.

पहिल्यांदा वाक्य स्वच्छ निघालं तेव्हा मी इयरफोन आत्याच्याच कानात घातले. तिनं तोंड उघडलं, "त्यो लई र… रड… रडका…" आणि थांबली. स्वतःचाच आवाज किंचित उशिरा कानावर आला की जीभ अडखळते, हे मला माहीत असूनही मी विसरले होते. आत्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडखळली, आणि मग इयरफोन ओढून काढून इतकी हसली की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला.

"दारू प्यालेल्या मानसावानी झालं गं माझं! हे त्याच्या कानात घालनार तू?"

"त्यांना तुझा आवाज जाईल, त्यांचा नाही. ते नाही अडखळणार."

चहाच्या वेळी आम्ही दारापुढच्या ओट्यावर बसलो. फोन आत्याच्या पुढ्यात, वायर बाबांच्या कानात. मी आवाज चांगलाच खाली घेतला होता, म्हटलं राहायला नको काही कसर. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. ती आज विचारणार, हे मला तिच्या बसण्यावरून कळत होतं.

"ऐकू येतंय का रं?" ती म्हणाली.

बाबा ताठ झाले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग मागे वळून गल्लीत.

"कोन बोललं?"

"मीच. दुसरं कोन हाय हितं?"

बाबांनी कानातला इयरफोन हातात धरला, बघितला, पुन्हा घातला. त्यांचा आवाज बदलला होता. "अक्का, तात्या बोलतायत."

आम्हाला काही कळेना. मी इयरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. "अरं काय म्हनतोयस?" आत्या म्हणाली, आणि मला एका वयस्क पुरुषाचा आवाज ऐकू आला. तात्यांना मी पाहिलेलं नाही. पण शब्दाच्या शेवटी हेल काढायची आत्याची जी पद्धत होती, ती त्या जाड आवाजात एकदम कुणाची तरी वाटत होती. तिनं बोलायचं बापाकडूनच उचललं असणार. बारीक आवाजाखाली ते इतकी वर्षं झाकलेलं राहिलं होतं.

मी आत्याला सांगितलं.

बाबा हळूच म्हणाले, "अक्का, पहाटचं म्हन की. तात्या उठवायचे तसं."

आत्यानं पदर सारखा केला. मग फोनकडे वाकून, एखाद्या झोपलेल्या माणसाला हाक मारावी तशी म्हणाली, "ऊठ रं बाळा. गाडी जुपली."

बाबांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं त्यांनी इयरफोन काढून फोनवर नीट गुंडाळून ठेवला.

"चांगलं झालंय," ते मला म्हणाले. "पर हे नगं. तात्या गेले. मला अक्का पायजे."

आत येऊन मी आत्याला विचारलं, "तू विचारलं का नाहीस?"

"बापाच्या आवाजात कसं मागू गं? त्याला बापाचा शब्द वाटला असता. न्हाई म्हनता आलं नसतं त्याला."

तिचं हे उत्तर ऐकून मी माझ्या खोलीत जाऊन बसले आणि केलेलं निम्मं काम पुसून टाकलं.

चूक माझी कुठं होत होती ते उघड होतं. आवाजाची उंची गळ्यातून येते, पण तो कुणाचा हे तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीवरून ठरतं. आवाज सावकाश वाजवताना मी दोन्ही एकदम खाली ओढलं होतं. म्हणजे आत्याचा सूर खाली आणलाच, वर तिचं तोंडही पुरुषाएवढं मोठं करून टाकलं होतं. आता सूर थोडाच उतरवायचा आणि तोंड होतं तसं ठेवायचं. हे जास्त किचकट. जुना फोन हातात धरवेना इतका तापायला लागला. एकीकडे आवाज सुधारला की दुसरीकडे उशीर वाढायचा. आणखी एक अडचण 'स', 'श', 'च' यांची. त्यांना सूर नसतोच, ती नुसती वाऱ्याची फुसफुस, तीही फार वरची. बाबांना 'साखर' आयुष्यभर दिसली, पण आता ऐकू यायची ती 'आखर'. ती फुसफुस वेगळी काढून, खाली उतरवून पुन्हा शब्दाला जोडावी लागली. जोडताना कधी ती मागे राहायची, कधी पुढे पळायची, आणि आत्या बोबडी वाटायची.

त्या दिवसांत आत्या रोज येऊन बसायची. आता ती नुसती बोलत नसे, विचारायची. "आज काय बिगडलं?" मी सांगायचे, आज तुझा 'स' हरवला. ती 'सूप, सासू, शेंग, शेळी' असं म्हणत बसायची, पुढ्यात मटार सोलायला घेऊन. मधूनच म्हणायची, "आन् न्हाईच जमलं तर?" मी म्हणायचे, जमेल. एरवी मी कामाबद्दल असं बोलत नाही.

जमलं ते पूर्णपणे नाही, पण पुरेसं. पुन्हा ओट्यावर बसलो. या वेळी आत्यानं आधी बाबांच्या कानातली वायर स्वतः नीट बसवली, लहान मुलाची टोपी बसवावी तशी.

"ऐकू येतंय?"

बाबांनी जरा वेळ तिच्याकडे निरखून पाहिलं. "येतंय. तुला सर्दी झाली का?"

आत्या हसली. मग गंभीर झाली. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस तू."

आणि मग भावाकडे वळून, हात मांडीवर ठेवून, तिनं विचारलं. "मला आता जामखेडला जायचं न्हाई. हितंच राहू का तुझ्यापाशी?"

"म्हंजे?"

"म्हंजे कायमची. गुडघं चालत न्हाईत. पोरगं-सून सहा म्हैने भाईर. घरात मी आन् मांजर. तुला जड हुत असंल तर तसं सांग, मी वाईट वाटून घ्यायची न्हाई."

बाबांचा चेहरा रागानं लाल झाला. "हे इचारायची गोष्ट हाय व्हय?"

"इचारली हुती. तू म्हनलास, बघू."

"मी? कवा?"

"गेल्या सोमवारच्या आधल्या सोमवारी. हितंच. तू दाढी करत हुतास."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते आरशासमोरची ती सकाळ आठवत असावेत, कारण त्यांचा हात आपोआप गालावर गेला.

"अक्का," ते म्हणाले, "मी समद्यांनाच बघू म्हनतो. ऐकू आलं न्हाई की म्हनतो. सारखं काय-काय म्हनून इचारायची लाज वाटती. मला वाटलं, तू मेथी निवडू का म्हनून इचारतीयास."

"मेथी?"

"व्हय."

"मी मरूस्तोवर राहू का म्हनले, आन् तुला मेथी ऐकू आली?"

"ऐकू न्हाई आली. वाटली."

आत्याला हसू आवरेना आणि त्यातच तिला रडू आलं. बाबा उठले. कानात वायर आहे हे ते विसरले. फोन ओट्यावरून खाली पडला, इयरफोन निसटला, पण ते थांबले नाहीत. आत जाऊन कॉटखालून त्यांनी ती पिशवी ओढली. बंद सुटेना, तर दातानं सोडला. दोन्ही लुगडी काढून आईच्या कपाटात, आईच्या साड्यांशेजारी ठेवू लागले. आई दारात उभी राहून बघत होती. "अहो, घडी तरी नीट घाला," ती म्हणाली, आणि लुगडी त्यांच्या हातातून घेऊन तिनं स्वतः लावली.

फोनची काच तडकली, पण तो चालू राहिला. प्रोग्रामही चालतो. बाबा दिवसभर तो घालत नाहीत, वायरचा त्यांना कंटाळा आहे. आत्याशी बोलायला बसले की घालतात. नगरच्या डॉक्टरांना मी तो दाखवला. त्यांनी आवडीनं ऐकला आणि नव्या मशीनमध्ये असं काहीसं असतं, एकदा लावून बघा, असं सुचवलं. आम्ही जाणार आहोत.

दोन आठवड्यांनी आत्याचं सामान आणायला आम्ही टेम्पो केला. मुलाशी फोनवर बोलणं झालं होतं. तो आधी जरा खट्टू झाला, मग म्हणाला, मामाकडं राहतेस तर माझ्या जिवाला घोर नाही. आत्याच्या घरातून एक पत्र्याची पेटी, जातं आणि दोन हंडे निघाले, आणि शेजारणीनं सांभाळलेलं ते मांजरही आलं. शेजारणी गोळा झाल्या. बाबा कानात वायर घालून प्रत्येकीशी बोलले, सगळ्यांचे 'स' त्यांना ऐकू येत होते, आणि ते जरा जास्तच बोलले.

परतताना आत्याला पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं नव्हतं. ती आणि बाबा मागे हौद्यात, गोधडीवर, पेटीला टेकून बसले. मीही त्यांच्याबरोबर. टेम्पो सुरू झाला तसा माझा प्रोग्राम निकामी झाला. इंजिनाचा घरघराट, वारा, पत्र्याचा खडखडाट, सगळंच एकदम बाबांच्या कानात शिरायला लागलं. त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं, वायर काढून माझ्या हातात दिली.

आत्यानं ते पाहिलं, पण ती बोलायची थांबली नाही. रस्त्याच्या कडेनं उसानं भरलेल्या बैलगाड्या चालल्या होत्या. ती हात लांब करून काहीतरी दाखवत होती, एखादा बैल, एखादा फड, कुणाची तरी कोपी. मलाही नीट ऐकू येत नव्हतं. बाबा तिच्या बोटाच्या टोकाकडे बघत होते आणि ती दाखवील तिकडं मान वळवत होते.